गुत्त्याची पाटी आणि मीटिंगचा पत्ता

मुंबईच्या उपनगरांतील कोणत्याही रेल्वे स्थानकाबाहेर उभे राहिले, की दारू कोठे मिळते हे कोणाला विचारावे लागत नाही. अंधेरी असो वा बोरिवली, घाटकोपर असो वा मुलुंड, परमिट रूमचे दिवे, वाईन शॉपची जाळी आणि देशी दारूच्या दुकानाची सरकारमान्य पाटी ह्या गोष्टी वाटसरूच्या नजरेत आपोआप भरतात. ह्याच उपनगरांत, महापालिकेच्या एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या आवारातील एखाद्या खोलीत, दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसे आठवड्यातील ठरलेल्या संध्याकाळी एकत्र बसतात, एकमेकांचे ऐकतात आणि दुसऱ्या दिवसापुरते बळ घेऊन घरी परततात. ह्या बैठकीचा पत्ता मात्र शेजारच्या चाळीलाही ठाऊक नसतो. ज्याला दारू सोडण्याची खरोखर निकड आहे, त्याला दुकान शंभर पावलांवर सापडते आणि मीटिंग महिनोन्‌महिने सापडत नाही.

ही विसंगती योगायोगाची नाही. दारूची पाटी लावण्यात विक्रेत्याचा नफा आहे आणि शासनाचा महसूल आहे. मीटिंगची पाटी लावण्यात कोणाचाच पैशाचा लाभ नाही. ज्या मालाच्या विक्रीतून पैसा मिळतो त्याची माहिती बाजार दारोदार पोचवतो, आणि ज्या सेवेतून कोणालाच नफा होत नाही तिची माहिती मिळवण्याचा सारा भार गरजवंतावर पडतो. येथे तो गरजवंत म्हणजे हात थरथरणारा, लाजेने वाकलेला, घरी व कामावर पत गमावलेला माणूस असतो, किंवा चार घरची भांडी घासून संसार ओढणारी त्याची बायको असते. शोधाचा हा खर्च ज्याला सर्वांत कमी परवडतो त्याच्याच माथी तो मारला जातो. म्हणून मीटिंगचा पत्ता सापडणे न सापडणे हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न वस्तुतः समतेचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो समाजवादी कार्यकर्त्याचा प्रश्न आहे.

गरज आणि उपचार ह्यांतील दरी

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अहवालानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. हे प्रमाण १४.६ टक्के होते. त्यांतील सुमारे ५ कोटी ७० लाख माणसांना अपायकारक मद्यपानासाठी किंवा व्यसनासाठी मदतीची गरज आहे, आणि २ कोटी ९० लाख माणसे पूर्णपणे व्यसनाधीन आहेत. ह्याहूनही बोलका आकडा पुढचा आहे. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी केवळ एकाने कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळाल्याचे सांगितले. इस्पितळात दाखल होऊन उपचार मिळाल्याचे सांगणारा तर १८० माणसांत एकच निघाला.

क्षयाच्या दर ३८ रुग्णांपैकी ३७ रुग्ण उपचाराविना राहतात असे उघडकीस आले असते, तर विधिमंडळात गदारोळ झाला असता. दारूच्या बाबतीत तसे होत नाही, कारण व्यसन हा रोग आहे असे तोंडाने म्हणणारा समाज मनातून त्याला अजून दुर्गुणच मानतो. दुर्गुणी माणसाने आपले आपण सुधारावे, त्यासाठी सार्वजनिक व्यवस्थेची काय गरज, हा त्यामागील न बोललेला विचार आहे. दुर्दैवाने पुरोगामी म्हणवणारे लोकही ह्या विचारापासून सर्वथैव मुक्त नाहीत.

कायदा मात्र ह्या बाबतीत समाजाच्या पुढे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला आहे, आणि शासनाने चालवलेल्या वा शासनाच्या पैशावर चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. मुलुंडच्या झोपडपट्टीतील हमाल आणि अंधेरीच्या कार्यालयातील अधिकारी ह्या कायद्यापुढे समान आहेत. प्रत्यक्षात अधिकारी खाजगी केंद्रात महिनाभर दाखल होऊ शकतो, आणि हमालाला त्याच महिनाभराची मजुरी बुडाली तर घरभाडे थकते.

महसूल घेणारा हात

महाराष्ट्रातील शासनाचे दारूविषयक धोरण हा दुटप्पीपणाचा एक नमुनाच आहे. बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून सबंध राज्यात बंदी लागू झाली. १९६० नंतरच्या दशकात ती सैल होत गेली, परंतु कायदा कधीच रद्द झाला नाही. आजही कागदोपत्री दारू पिण्यासाठी परवाना लागतो, आणि बारला मराठी माणूस ‘परमिट रूम’ म्हणतो तो ह्याच इतिहासामुळे. नाव दारूबंदीचे आणि व्यवहार दारूविक्रीचा, अशी ही रचना आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात आरोग्यास अपायकारक अशा मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याचा उल्लेख भाषणांपुरता उरला आहे.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा निर्णय घेतला, आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांची भर अपेक्षित असल्याचे जाहीर केले. करवाढीने दारू महाग होते आणि महाग दारू एकंदरीत कमी प्यायली जाते, विशेषतः नव्याने पिऊ लागणाऱ्या तरुणांवर त्याचा परिणाम होतो, हे अर्थशास्त्राला मान्य आहे. म्हणून करवाढीला तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. परंतु व्यसनाधीन माणसाच्या मागणीला लवचिकता फार थोडी असते. क्वार्टरचा भाव वाढला म्हणून तो क्वार्टर सोडत नाही, घरातील दूध, मुलांची फी आणि बायकोचे औषध सोडतो. तेही पुरेनासे झाले की तो हातभट्टीकडे वळतो. म्हणजे करवाढीचा जो भाग व्यसनी माणसाकडून वसूल होतो, तो प्रत्यक्षात त्याच्या कुटुंबाच्या ताटातून उचललेला असतो. अशा कराचा काही ठरावीक हिस्सा त्याच कुटुंबांच्या सुटकेसाठी राखून ठेवणे हे सरकारचे औदार्य नव्हे. ती परतफेड आहे.

हातभट्टीचा उल्लेख उपनगरांत तरी पुस्तकी नाही. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसे मेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. त्या खटल्याचा निकाल २०२४ मध्ये लागला आणि चौघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही वेळी मेलेले बहुतेक जण हातावर पोट असलेले होते. दोन्ही वेळी काही दिवस छापे पडले, काही अधिकारी निलंबित झाले, आणि मग वस्त्या पूर्ववत झाल्या. त्या वस्त्यांतील जी माणसे वाचली, त्यांना दारू सोडण्यासाठी कोठे जावे हे सांगणारी यंत्रणा उभी करावी असे कोणाला सुचले नाही.

ह्या बाबतीत महाराष्ट्राला स्वतःची परंपरा आहे. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध अध्यक्षांना पत्र लिहिले होते. दारूने कुटुंबे उद्ध्वस्त होत असताना सरकारने महसूल मोजावा, ही गोष्ट त्यांना दीडशे वर्षांपूर्वी खटकली होती. त्यांचे नाव घेणाऱ्यांना ती आज खटकत नसेल, तर दोष काळाचा नाही.

मीटिंग म्हणजे काय

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे. पिणाऱ्यांनाही संघटना लागते, सोबत लागते, आपल्या पिण्याला तत्त्वज्ञानाचा मुलामा लागतो, हे गडकऱ्यांनी अचूक हेरले होते. सुधाकराच्या शोकांतिकेत प्याल्याइतकाच वाटा त्या मंडळाचा आहे. त्या नाटकात नाही ते सोडू पाहणाऱ्यांचे मंडळ. सुधाकर एकट्याने शपथ घेतो आणि एकट्यानेच ती मोडतो. सिंधूचा सारा त्याग त्याला वाचवू शकत नाही, कारण त्याच वाटेने गेलेला आणि परत आलेला दुसरा माणूस त्याला भेटत नाही.

तो दुसरा माणूस भेटण्याची व्यवस्था म्हणजे मीटिंग. अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन ह्या कारखानदारीच्या गावी १९३५ मध्ये बिल विल्सन हा बुडालेला शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा दारूने धंदा घालवून बसलेला शल्यविशारद एकमेकांना भेटले. उपदेशक, डॉक्टर, नातलग ह्या सर्वांचे ऐकून जे साधले नव्हते, ते एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्याशी खरे बोलल्याने साधले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजे ‘एए’ ही चळवळ निघाली. आज ती सुमारे १८० देशांत आहे. भारतात तिची सुरुवात १९५७ मध्ये दिल्लीत झाली, आणि तिचे देशपातळीवरील कार्यालय मुंबईतच आहे.

मीटिंगचे स्वरूप अत्यंत साधे असते. तासाभराची, फार तर दीड तासाची बैठक. एक सभासद अध्यक्षस्थानी. पुढच्या वेळी दुसरा. बोलणारा आपले पहिले नाव सांगतो, आपण दारुडे आहोत हे सांगतो आणि स्वतःचा अनुभव सांगतो. मध्ये कोणी अडवत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. सभासद होण्यासाठी एकच अट असते: दारू सोडण्याची इच्छा. वर्गणी नाही, नोंदवही नाही. शेवटी डबा फिरतो, ज्याला जे जमेल ते टाकतो, त्यातून खोलीचे भाडे व चहा भागतो. बाहेरची देणगी नाकारण्याची ह्या संघटनेची परंपरा आहे. १९३८ मध्ये धनाढ्य रॉकफेलरकडे हात पसरला असता त्याने केवळ ५ हजार डॉलर दिले, आणि अधिक पैसा ह्या कार्याचा घात करील असे मत दिले. पुढे सभासदांनीच ते तत्त्व म्हणून स्वीकारले. भांडवलशाहीच्या माहेरघरी, भांडवलदाराच्या पैशाविना, नेत्याविना आणि मालमत्तेविना चालणारी ही परस्परसाह्याची संस्था उभी राहिली, हे समाजवाद्यांनी कौतुकाने पाहावे असेच आहे.

काही मीटिंगा ‘ओपन’ असतात, म्हणजे तेथे नातलगांना व जिज्ञासूंना बसता येते. ‘क्लोज्ड’ मीटिंगमध्ये केवळ दारूशी झगडणारेच बसतात. घरच्या माणसांसाठी १९५१ पासून ‘अल-अनॉन’ ही वेगळी संघटना आहे. व्यसनी माणूस यायला तयार नसला तरी बायकोला, आईला, मुलाला तेथे जाता येते. ही गोष्ट वस्तीत जवळजवळ कोणालाच ठाऊक नसते.

महाराष्ट्रात ह्याच धर्तीचे स्वतंत्र कार्यही झाले. वांद्रे येथे फादर जो परेरा ह्यांनी १९८१ मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या साह्याने १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ उभे केले. दाखल होऊन घेतलेला उपचार संपल्यावर माणूस त्याच चाळीत, त्याच नाक्यावर परत येतो. तेव्हा त्याला आठवड्याची बैठक लागते, हे ह्या अनुभवांतून स्पष्ट झाले आहे. उपचार महिन्याचा असतो, सोबत आयुष्याची लागते.

ह्याची उपयुक्तता केवळ भावनेवर आधारलेली नाही. जॉन केली, कीथ हम्फ्रीज आणि मारिका फेरी ह्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक सहभागी होते. माणसाला एएशी जोडून देणाऱ्या शिस्तबद्ध उपचारक्रमात वर्षानंतर सलग दारूमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ४२ टक्के, तर इतर मान्य उपचारांत ३५ टक्के आढळले. बहुतेक अभ्यास पाश्चात्य देशांतील होते हे ध्यानात ठेवले पाहिजे. मीटिंग हा जादूचा गंडा नव्हे, निम्म्याहून अधिक लोक पहिल्या वर्षात घसरतात. परंतु जवळजवळ फुकट मिळणारी गोष्ट महागड्या उपचाराइतकी किंवा किंचित अधिक उपयोगी ठरते, हा गरिबांच्या दृष्टीने मोठा निष्कर्ष आहे.

सापडण्यातील अडचणी

मग उपनगरातील माणसाला ती सापडत का नाही? पहिले कारण म्हणजे अनामिकता. ही चळवळ जाहिरात करत नाही, सभासदांची नावे सांगत नाही. हे तिचे बळ आहे, आणि नवख्याच्या दृष्टीने हीच तिची भिंत आहे. दुसरे कारण म्हणजे ओळखले जाण्याची भीती. चाळीत किंवा पुनर्वसन इमारतीत कोण कोठे जातो हे लपत नाही. म्हणून मुलुंडचा माणूस मुलुंडच्या मीटिंगला जाण्यास कचरतो. त्याला घाटकोपर किंवा भांडुप बरे वाटते. पण पूर्व आणि पश्चिम उपनगरांच्या मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आडवा आहे, आणि मुलुंडहून बोरिवलीला जायचे तर लोकलने दादरचा फेरा पडतो. २०१४ पासून धावणाऱ्या मेट्रोने घाटकोपर आणि अंधेरी जोडले गेले, तेवढाच काय तो सोयीचा आडवा मार्ग. रात्रपाळी करणाऱ्या सुरक्षारक्षकाला, दहा वाजेपर्यंत पार्सले पोचवणाऱ्या मुलाला संध्याकाळी सातची मीटिंग असून नसल्यासारखी असते.

तिसरे कारण भाषा. माणूस आपली लाज परक्या भाषेत सांगू शकत नाही. उपनगरांत मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा अनेक भाषांची माणसे एका गल्लीत राहतात. नवखा जर चुकीच्या भाषेच्या मीटिंगला गेला, तर तो दुसऱ्यांदा कोठेच जात नाही. चौथे कारण स्त्रियांचे. २०१९ च्या पाहणीत पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के होते. संख्या कमी म्हणून त्या स्त्रियांची लाज मात्र कितीतरी पटींनी अधिक. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकट्या बाईने शिरणे, हे धैर्य तिच्याकडून अपेक्षिणे हाच अन्याय आहे.

आणखी एक गोष्ट येथे ठासून सांगितली पाहिजे, कारण तिच्यावर जीव अवलंबून असतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्यावे, आणि मग मीटिंगला. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतील मानसोपचार विभाग, मुलुंडहून जवळ असलेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय ही सार्वजनिक दारे आहेत. केंद्र शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. उलट, माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध उचलून नेणाऱ्या, कोंडून मारहाण करणाऱ्या बेनामी ‘केंद्रां’पासून सावध राहिले पाहिजे. नोंदणी आणि रुग्णाचे हक्क हे २०१७ च्या कायद्याने अनिवार्य केले आहेत.

काही आक्षेप

डाव्या वर्तुळात ह्या विषयावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की दारू ही शोषणाची उपज आहे, शोषण संपले की व्यसन संपेल. तोवर माणसामाणसाला सुधारत बसणे म्हणजे रोगाऐवजी लक्षणावर उपचार करणे. एंगल्सने १८४५ मध्ये इंग्रज कामगारांच्या स्थितीवर लिहिताना दारूचे मूळ त्यांच्या जगण्याच्या परिस्थितीत दाखवले, ते खरेच होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावात, आणि लालबहादूर शास्त्री मार्गावरील कारखाने एकामागून एक बंद पडल्यावर भांडुप-मुलुंडमध्ये, बेकारीबरोबर दारूने किती घरे खाल्ली हे कार्यकर्त्यांनी पाहिले आहे. परंतु कारण सामाजिक आहे म्हणून उपाय उद्यावर ढकलता येत नाही. सिलिकोसिस हाही शोषणाचाच रोग आहे. म्हणून कोणी खाणकामगाराला क्रांतीपर्यंत खोकत राहा असे सांगत नाही. शिवाय शुद्धीवर नसलेला माणूस शोषणाविरुद्ध लढू शकत नाही.

दुसरा आक्षेप ईश्वराविषयीचा. एएच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, आणि बुद्धिवादी कार्यकर्त्याला तो खटकतो. पण तेथे ‘ज्याला जसा समजेल तसा’ अशी मुभा आहे, आणि अनेक निरीश्वरवादी सभासद त्या जागी समूहाची शक्तीच मानतात. एकट्याच्या इच्छाशक्तीपेक्षा समूह मोठा आहे, हे तत्त्व समाजवाद्याला परके वाटू नये. ज्याला तरीही पटत नाही त्याला दुसऱ्या धर्तीचे गट, समुपदेशन, औषधोपचार हे मार्ग मोकळे असावेत. मार्ग एकच आहे असा आग्रह येथेही घातक ठरतो.

तिसरा आक्षेप राजकारणाचा. ही संघटना बाहेरच्या कोणत्याही प्रश्नावर मत देत नाही, दारूबंदीवरसुद्धा नाही. कार्यकर्त्याला ही पलायनवृत्ती वाटते. ह्यामागे इतिहास आहे. १८४० मध्ये बाल्टिमोर येथे सहा दारुड्यांनी ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ सुरू केली. थोड्याच वर्षांत ती लाखोंच्या संख्येत पसरली, मग दारूबंदीच्या राजकीय वादांत ओढली गेली आणि दशकाच्या आत ओसरली. सोडू पाहणाऱ्याला लागणारी शांत खोली सभेच्या व्यासपीठात बुडून गेली. एएने घेतलेला धडा हा आहे. म्हणून राजकीय लढाई पक्षाने लढावी आणि खोली खोलीच राहू द्यावी. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. बंदी असावी की नसावी, ह्यावर मतभेद असू शकतात. परंतु बंदी असलेल्या जिल्ह्यातही व्यसनी माणूस असतोच, आणि त्यालाही सोबत लागतेच.

कार्यकर्त्यांचे काम

ह्या विषयात पक्षाने करण्याजोगे काम पुष्कळ आहे, आणि ते मोर्चाइतके गाजणारे नसले तरी कमी मोलाचे नाही. प्रत्येक विभाग शाखेने आपल्या आणि शेजारच्या उपनगरांतील मीटिंगची यादी ठेवावी: वार, वेळ, भाषा, ओपन की क्लोज्ड, स्थानकापासून रस्ता कोणता. दर तीन महिन्यांनी ती पडताळावी, कारण जागा बदलतात आणि चुकीचा पत्ता घेऊन बंद दारापाशी पोचलेला माणूस तेथून थेट गुत्त्यावर जातो. यादी ठेवताना गटांशी बोलून, त्यांच्या अनामिकतेला धक्का न लावता ती ठेवावी. मीटिंगला पक्षाचा फलक लावू नये, तेथे पावतीपुस्तक नेऊ नये, आणि कोण आले होते हे बाहेर कोणाला सांगू नये. पहिल्या दिवशी नवख्याच्या सोबतीने दारापर्यंत जाणे, हे एका कार्यकर्त्याच्या एका संध्याकाळचे काम आहे. त्याने एखाद्याचे आयुष्य बदलू शकते.

महापालिकेकडे मागण्या नेमक्या असाव्यात. पालिकेच्या शाळांतील वर्ग संध्याकाळी अशा गटांना नाममात्र भाड्याने, दरवर्षी अर्जाची वणवण न करता मिळावेत. फुकट मागू नयेत. गट स्वतःच फुकट घेत नाहीत. उपनगरी रुग्णालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग संध्याकाळीही चालावा, आणि दारू तोडतानाच्या पहिल्या आठवड्यासाठी खाटा राखून ठेवाव्यात. प्रत्येक दवाखान्यात, शिधावाटप दुकानात आणि दारूच्या प्रत्येक परवानाधारक दुकानात मदतीचा पत्ता व दूरध्वनी मराठीत, ठळक अक्षरांत लावणे परवान्याची अट करावी. पाटी लावून विकता येते, तर पाटी लावून सोडण्याची वाटही दाखवता आली पाहिजे. आणि वाढीव शुल्काचा ठरावीक हिस्सा ह्या कामासाठी अर्थसंकल्पात वेगळा दाखवावा, म्हणजे दरवर्षी त्याचा हिशेब मागता येईल.

कामगार संघटनांची जबाबदारी स्वतंत्र आहे. १९४६ च्या कायद्याखालील आदर्श स्थायी आदेशांत कामावरील मद्यधुंद वर्तन हे गैरवर्तन मानले होते, आणि अशा कामगाराची खातेनिहाय चौकशीत बाजू मांडून त्याला कामावर परत घ्यायला लावणे, एवढेच संघटनांचे काम समजले गेले. नोकरी वाचली, माणूस वाचला नाही, असे पुष्कळदा घडले. करारात उपचारासाठी पगारी रजा, उपचार घेणाऱ्याला बडतर्फीपासून संरक्षण आणि पाळी बदलून मीटिंगला जाण्याची सवलत ही कलमे आली पाहिजेत. कंत्राटी कामगारांचे प्रमाण वाढत असताना हे सोपे नाही. परंतु महागाई भत्ताही कधी सोपा नव्हता.

शेवटी, चळवळीने स्वतःच्या घरातही पाहावे. निवडणुकीच्या रात्री कार्यकर्त्यांची ‘सोय’ होते तेव्हा गप्प बसणारे, शिबिरानंतरच्या बैठकीत न पिणाऱ्याची टर उडवणारे, आणि पिऊन बायकोला मारणाऱ्या सहकाऱ्याला ‘कामाचा माणूस आहे’ म्हणून सांभाळून घेणारे पक्षात नाहीत, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर ह्यांच्याबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या उपनगरांतील बाया महागाईविरुद्ध लढत होत्या, आणि त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरी महागाईइतकाच दुसरा शत्रू रोज रात्री दार ठोठावत होता. त्यांच्या लेकी-सुनांना आज पक्षाच्या कार्यालयातून एक कागद मिळाला पाहिजे. त्यावर वार, वेळ, खोली आणि रस्ता एवढेच लिहिलेले असावे. तो कागद ज्या शाखेत तयार नसेल, त्या शाखेने पुढच्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय पहिला घ्यावा.